शनिवारचा विस्तव

शब्बाथच्या दिवशी विस्तवाला हात लावणारी सून आपल्या नशिबी यावी, हे फ्रुमाला काही गिळवत नव्हतं. शनिवार उजाडला आणि एतेल खुशाल शेगडीपुढे बसून काड्या ओढत होती. लग्न झालेल्या ज्यू बाईने बांधायचा तो रुमालही डोक्याला नाही. पाठीला तान्ही मिरेल बांधलेली, खोकून खोकून लालबुंद झालेली.

"लाज कशी वाटत नाही गं?" फ्रुमा कडाडली. "तुझ्या माहेरी, शहरात चालत असतील असले धंदे. माझ्या घरात शनिवारी कुणा ज्यूच्या हाताने कधी जाळ झाला नाही."

"मग बोलवा ना हान्याला, सासूबाई."

हा मुद्दाम मारलेला टोमणा होता. शेजारची हान्या ख्रिस्ती. दर शनिवारी यायची, शेगडी पेटवून द्यायची, पावाचा तुकडा घेऊन जायची. पण वल्हांडणाच्या सणाआधी जर्मन फौज हंगेरीत शिरली आणि हुकूम सुटले. ज्यूंनी कोटावर पिवळा तारा शिवायचा, ख्रिस्ती माणसाने त्यांच्या घरी काम करायचं नाही. हान्या यायची थांबली. फ्रुमाचा मुलगा तर आधीच फौजेच्या बेगारीवर गेलेला. आणि काल पलीकडच्या गावातले सगळे ज्यू तान्ह्या पोरांसकट हाकलून नेले होते.

"वर तोंड करून बोलतेस? ह्या घरातली नव्हेसच तू!"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. टोपीला कोंबड्याची पिसं लावलेले दोन शिपाई आत घुसले. परगावचे, इथल्या कुणाला न ओळखणारे.

"चला, बाहेर! घरात कोण कोण आहे?"

फ्रुमाने शेगडीकडे पाहिलं. जाळ नुकता धरला होता.

"मी एकटी. मुलगा बेगारीवर. सून लेकीला घेऊन माहेरी गेलीय, बुडापेस्टला."

"मग ही कोण?"

"शेगडी पेटवणारी. आम्ही शनिवारी विस्तवाला शिवत नाही, एवढंही ठाऊक नाही होय तुम्हाला?"

शिपायाने एतेलच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या काडीकडे. "ज्यूंच्या घरी राबायला बंदी आहे, कळत नाही का गं?" मग तो खुंटीकडे वळला. "आणि हे दोन कोट?"

"माझेच. म्हातारीला थंडी वाजते."

फ्रुमाने दोन्ही कोट एकावर एक चढवले. आतला काखेत टरकला. दोन्हींवर तारे होते.

एतेलचे ओठ हलले. फ्रुमाने तिला बोलूच दिलं नाही. टेबलावरचा अख्खा पाव उचलून तिच्या अंगावर फेकला.

"बघत काय बसलीस? ह्या घरातली नव्हेस तू, कधीच नव्हतीस. तुझी पोर घे आणि चालती हो!"