पिशवीवरची तारीख

उद्या इंदापूरच्या माळावर जीपची शर्यत होती आणि लोणी भापकरच्या गॅरेजात दादासो सकाळपासून भाचीला समजावून थकला होता. जीप उलटून पत्र्याची टाकी फुटली तरी पेट्रोल सांडू नये म्हणून आत रबराची जाड पिशवी असते. रबर हळूहळू कडक होतं; पाच वर्षांनी पिशवी बदलावीच लागते. या पिशवीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीच संपली होती. "मामा, नव्यासारखी दिसतीय की. कुठं गळतीय?" योगिनीनं पुन्हा विचारलं. त्याच माळावर भाजलेला आपला हात दाखवून दादासोनं आजवर शंभरदा सांगितलं होतं. आता बोलायचं त्राण उरलं नव्हतं. योगिनी हेल्मेट आणायला वळली, तसा त्यानं कोपऱ्यातला उसाचा कोयता उचलला आणि पेट्रोल काढून टाकीबाहेर ठेवलेली रिकामी पिशवी उभी फाडली. आवाजानं ती धावत आली. दादासो स्टुलावर टेकला होता. म्हणाला, "आता गळतीय."