खंडेनवमीचं कुंकू

“पेटी उघडा,” कस्टम्सच्या शुभांगीमॅडम म्हणाल्या.

जीवननं हे धरलंच नव्हतं. आधीचे साहेब पेटीवरचा आकडा बघून सही ठोकत. या बाई आठवड्यापूर्वीच नाशिकला बदलून आल्या होत्या आणि खुर्चीत बसायची त्यांना सवय दिसत नव्हती.

कागदावर सगळं सरळ होतं. जर्मनीहून आणलेलं लेथ मशीन न वापरताच दुबईला विकायचं आणि आणताना भरलेली ड्यूटी सरकारकडून जवळजवळ सगळी परत घ्यायची. पेटीत मात्र जायचं होतं सिन्नरच्या शेडमधलं जुनं, झिजलेलं मशीन. नवं, नाशिकच्या द्वारका चौकाजवळचा भाजीचा मळा विकून घेतलेलं, सिन्नरलाच राहणार होतं.

दुबईतलं गिऱ्हाईक म्हणजे त्याचा मेव्हणा मोतीराम. तो ब्र काढणार नव्हता. मोठा गुणी माणूस. जीवनच्या लग्नात उसना नेलेला कॅमेरा त्यानं अजून परत केला नव्हता.

ही लबाडी जीवननं बायकोलाही सांगितली नव्हती. खंडेनवमीला तो नाशकात कागदपत्रांत अडकला होता. फोनवर नवं-जुनं म्हणायचीही त्याला भीती वाटत होती. सुवर्णाला तो एवढंच म्हणाला, “आपल्या मशीनची पूजा करून घे.”

“न सांगता केली असती. त्याच्याच जिवावर तर चाललंय आपलं.”

मग त्यानं शेडवरच्या सहादूला सांगितलं, “कुंकू लावलेलं राहू दे. दुसरं पेटीत भर आणि खिळे ठोक.”

“बरं मालक,” सहादू म्हणाला. त्याला जास्त विचारायची खोड नव्हती.

“मॅडम, पेटी परत ठोकायला इथं मिस्त्री नाही,” जीवननं आता शेवटचं सांगून पाहिलं.

“मी आणलाय.”

मिस्त्रीनं पहिला खिळा उपटला.

“घाम फुटलाय तुम्हाला.”

“ऊन आहे ना, मॅडम.”

“कागदावरचंच मशीन आत नसेल, तर इथूनच पोलिसांत जावं लागेल.”

जीवनला दिसत होती बेडी आणि दारात उभी राहिलेली सुवर्णा. 

फळी निघाली. मॅडम आत वाकल्या. बॅटरी मारून त्यांनी मशीनवर कोरलेला आकडा कागदाशी ताडून पाहिला. पुन्हा पाहिला.

“नवंकोरं आहे की,” त्या म्हणाल्या. “सील लावा. आजच जाऊ दे दुबईला.”