पालथा पडलेला मोबाइल

माउलींनो, असे जवळ सरका, करमाडच्या कडुबांची गोष्ट सांगतो. त्यांची लेक रूपा शहरात चाकांच्या बुटांवर हॉकी खेळायची. त्या दिवशी उघड्या मैदानात, चाकांवरच, बर्फावरच्या हॉकीसाठी निवडीचा सामना होता. शेवटच्या मिनिटाला तिनं चकती जाळीकडे मारली, पण ती रेषेपार गेली का, यावर वाद पेटला.

पंच म्हणाले, "कुणी व्हिडिओ काढलाय?"

कडुबा दर सामन्याला काढायचे. पण ऐन वेळी कीर्तनातल्या गजरात जुळतात तसे त्यांचे हात आपोआप जुळले आणि मोबाइल पायाशी पालथा पडला. पंचांनी तीनदा मागं नेऊन पाहिलं. दिसलं नुसतं आभाळ आणि हात जोडलेले कडुबा. गोल नामंजूर झाला, निवडही हुकली.

"आबा, तेवढंच नेमकं सोडलं व्हय?" म्हणत रूपा रडली, अन् महिनाभर बोलली नाय.

कडुबा जाऊन आता वर्ष झालं. घरात शेकडो व्हिडिओ आहेत, सगळे रूपाचे. काढणारा फक्त त्या एकात आहे. रूपा रोज तेवढाच तुकडा मागं नेऊन बघते.

पुढच्या गजरात हात जुळतील, तेव्हा आमच्या कडुबांना आठवा, माउली.