हात धुतलेस?

लेक वॉर्डाच्या दारात दिसली की बाबा नाक दाबून धरत. "आलीस गटारं हुंगून? आधी हात धू, मग शिव मला. नाहीतर तुझ्या घाणीनेच मरायचो मी."

ती निमूटपणे वॉर्डातल्या पांढऱ्याशुभ्र बेसिनवर हात धुई. डॉक्टर, नर्सही तिथेच धूत. ऑपरेशननंतर बाबांचा पाय चिघळला होता आणि त्यातल्या जंतूने एकूण एक अँटिबायोटिकला पाणी पाजलं होतं. त्या जंतूला खाणारा विषाणू शोधायचा, एवढीच आशा उरली होती. जिथे जंतू माजतो, तिथेच त्याचा हा वैरीही राहतो. म्हणून ती गावभरची गटारं पालथी घालून त्यांतलं पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत देत होती. पण एकाही बाटलीत तो मिळेना.

एके दिवशी ते बेसिन तुंबलं. सफाईवाल्या मावशींनी पाइपातून शेंबडासारखा काळा, बुळबुळीत गोळा ओढून काढला. सवयीने तिने त्यातला चिमूटभर बाटलीत घेतला.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेतल्या मॅडम फोनवर ओरडल्याच, "अगं, सापडला! बाबांच्या जंतूचा पार फडशा पाडलाय त्याने. कुठल्या गटारातला गं हा?"

"गटारातला नाही, वॉर्डातल्या बेसिनमधला," म्हणून तिने फोन ठेवला आणि आपले दोन्ही हात अंगापासून लांब धरले.

संध्याकाळी बाबांनी नेहमीसारखं नाक मुरडलं. "हात धुतलेस?"

"धुतले, बाबा," ती म्हणाली. "बाहेर, गटाराशेजारच्या नळावर."