आठ दिवस

कुतुबुद्दीन मिस्त्रीनं गणपती नावाड्याच्या सागवानी नावेच्या पाच कुजक्या फळ्या बदलल्या, फटींत काथ्या ठोकला, वरून डांबर लावलं. मग दोघांनी नावेत दगड भरले आणि पंचगंगेच्या काठाशीच ती पाण्यात बुडवली. आठ दिवस बुडून राहिली की वाळकं लाकूड फुगतं आणि उरल्यासुरल्या फटी आपोआप मिटतात.

हे आजकालच्या लोकांना काय ठाऊक? पाण्याखाली नाव दिसली की ते गणपतीला म्हणायचे, "बुडली व्हय? बरं झालं तात्या, सुटलासा. आता नवा पूल हाय की." पलीकडच्या रानातली माणसंही दोन मैलांचा वळसा घालून पुलावरून येऊ-जाऊ लागली. गणपतीनं खरं काय ते कुणालाच सांगितलं नाही.

नवव्या दिवशी कुतुबुद्दीन विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला.

"चल गणपा, दगडं काढू. फुगल्या असतील फळ्या."

त्यानं पहिला दगड काढून गणपतीच्या हातात दिला.  गणपतीनं वाकून तो परत नावेत ठेवला.

"आरं, येडा झालास काय?"

"कुतुबभाई, चाळीस वर्सं झाली. ताटावर बसलो की पलीकडनं हाक येती, आन् मी हात धुऊन उठतो. हे आठ दिस पोटभर जेवलो बघ."