तोंडी परीक्षा

जानेवारी २०२१. आयर्लंडमधल्या पोर्टलीशच्या कोविड वॉर्डात एक फ्रेंच ट्रकचालक ऑक्सिजनचा मास्क सारखा ओढून काढत होता. इंग्रजी त्याला कळत नव्हतं. नर्स शुभदाने घरी मुलीला फोन लावून स्पीकर सुरू केला. कौमुदीचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं आणि तोंडी परीक्षेच्या धास्तीने ती फ्रेंच विषयच सोडायला निघाली होती.

“घाबरलाय गं तो. तू बोल त्याच्याशी.”

कौमुदी अडखळत बोलू लागली. ऐकता ऐकता तो शांत झाला आणि त्याने मास्क लावू दिला.

ड्यूटीवरून आल्यावर शुभदा म्हणाली, “डॉक्टर तुझं कौतुक करत होते. असं काय सांगितलंस त्याला?”

“एवढंच, की तुमच्याजवळ उभी आहे ती माझी आई आहे. ती करतेय ते करू द्या.”