नऊ फूट पाणी

"पाणी चढत नाही म्हणजे काय? मग तू मेस्त्री कशाला झालास?" ठेकेदाराने सरबताच्या ग्लासातला स्ट्रॉ तोंडातून न काढताच विचारलं.

कारखान्याच्या विहिरीच्या काठावर पंपाचं इंजिन धडधडत होतं. नळी खाली पाण्यात सोडलेली होती, वर थेंब येत नव्हता. विहिरीतल्या कायमच्या पाइपाची तळाची झडप फुटली होती. दुपारी मालक यायच्या आत ती बदलायची, म्हणून हा उपसा.

मेस्त्रीने इंजिन बंद केलं. "साहेब, तुम्हाला वाटतं तुम्ही सरबत ओढताय. तुम्ही फक्त स्ट्रॉमधली हवा काढून घेता. बाहेरची हवा सरबतावर दाब देते आणि तीच त्याला वर ढकलते. पंपाचंही तेच. पण हवेचा जोर तीस-बत्तीस फुटांवर संपतो. इथे पाणी अडतीस फुटांवर आहे. असली दहा इंजिनं लावा, चढायचं नाही. पाण्यात बुडवायचा विजेचा पंप पाहिजे. उद्या मिळेल."

"मेव्हणे, तुम्ही मास्तर व्हायचे, चुकून पान्हे हातात आले," दाजी म्हणाले. काठावरचे मजूर हसले. दाजी म्हणजे मेस्त्रीच्या बहिणीचा नवरा. आठच दिवस झाले होते, मेस्त्रीच्याच शब्दावर कामाला लागले होते.

ठेकेदाराने विहिरीत डोकावलं. पंचवीस फुटांवर लोखंडी तुळयांवर फळ्या टाकलेल्या होत्या. "मग इंजिनच त्या फळ्यांवर न्या. तिथून पाणी तेरा फूट. आता तरी तुझी हवा ढकलेल ना?"

"ढकलेल. पण धूर कुठे जाईल?"

"अर्ध्या तासात काय मरतं रे कोणी? ओला रुमाल बांधा नाकाला. तळ दिसतोय इथून. नऊ फूट पाणी. हा हा म्हणता संपेल."

"दिसतं नऊ. पाण्यातला तळ नेहमी वर उचललेला दिसतो. पाण्यातून बाहेर पडताना उजेड वळतो. तुमचा स्ट्रॉ बघा, सरबतात शिरतो तिथे मोडलेला दिसतो. मोडलाय का? मी दोरीला नट बांधून माप घेतलंय. बारा फूट आहे."

"म्हणजे माझे डोळे फुटलेत?"

डोळे शाबूत होते. फुटलं होतं ते दुसरंच काहीतरी, आणि ते सांगायची सोय नव्हती.

"मी उतरणार नाही," मेस्त्री म्हणाला.

"तुला कोणी सांगितलंय? पाणी उतरेल तशी नळी खाली सरकवायला एक माणूस पाहिजे, बस. जो उतरेल तो पुढच्या महिन्यापासून कायम."

दाजींनी शर्ट काढला होता.

"दाजी, नका. त्या धुरात जे मारतं त्याला वाससुद्धा नसतो."

"आयुष्यभर बायकोच्या माहेरचं ऐकलं, मेव्हणे. आता हवेचंही ऐकू?" दाजींनी रुमाल ओला केला, नाकावर बांधला आणि भिंतीतल्या लोखंडी शिडीने उतरले. जाड दोर एकच होता. त्या दोराने आधी इंजिन फळ्यांवर सोडलं. "आता तो दाजींच्या कमरेला बांधू," मेस्त्री म्हणाला. ठेकेदार म्हणाला, "इंजिनालाच राहू दे. भाड्याचं आहे. पडलं तर?"

दोर इंजिनालाच राहिला.

पाणी धो धो वर आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठेकेदाराने घड्याळ बघितलं, मेस्त्रीने धूर बघितला. तो वर येत नव्हता. फळ्यांच्या आसपासच घुटमळत होता.

वीस मिनिटांनी त्याने हाक मारली. "दाजी, बास! या वर!"

"चालू दे!" ठेकेदार ओरडला.

अर्धा तास झाला. पाणी उरलेलंच होतं.

"गुडघाभर राहिलंय," ठेकेदार वाकून म्हणाला. "दहा मिनिटं अजून."

"कमरेएवढं आहे ते! दाजी, इंजिन बंद करा!"

"हो..." खालून आवाज आला. जीभ जड झाल्यासारखा. "डोकं दुखतंय जरा. बसतो."

"बसू नका! दाजी, बसू नका, शिडी धरा!"

"बसू दे की," ठेकेदार म्हणाला. "बसून काम होतंय तर तुझं काय जातंय?"

पुढच्या हाकेला उत्तर आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. इंजिन मात्र झकास चाललं होतं.

"दोर ओढा, आधी इंजिन वर घ्या!" मेस्त्रीने स्वतःच दोराला हात घातला. चौघांनी ओढला. नळी निखळली, इंजिन भिंतीवर आपटत वर आलं आणि काठावर येऊन गचके खात बंद पडलं. खाली धुरात फळीवर दाजींचा एक पाय दिसत होता. हलत नव्हता.

दोघे चपला काढून शिडीकडे धावले. मेस्त्री त्यांच्या आधी पोचला आणि शिडीच्या तोंडावर आडवा पडला. दोन्ही हातांनी त्याने वरची कडी धरली.

"कोणी उतरायचं नाही! कारखान्यातला मोठा पंखा आणा, आधी हवा सोडा खाली! उतरला तो मेला!"

"वेडा झालास का? दाजी आहेत तुझे!"

"म्हणूनच सांगतोय, पंखा आणा!"

एकाने त्याची कॉलर धरली, दुसऱ्याने पाठीत लाथ घातली. "बहिणीला काय सांगणार आहेस, हरामखोर?" त्याने कडी सोडली नाही. तोंड मातीत, डोळे मिटलेले. पंखा आणायला एक जण पळाला. तोवर बाकीचे त्याला ओढत होते.

ठेकेदार काठापासून चार पावलं मागे सरला. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि तो मेस्त्रीवर रोखून धरला.

"सगळ्यांनी बघून ठेवा," तो म्हणाला. "आम्ही वाचवायला निघालो होतो. यानेच उतरू दिलं नाही."